गृहीत धरलेले मत आणि गिरगावचा धडा

मंडळी, निवडणूक जवळ आली की पारावर एकच हिशेब सुरू होतो. अमुक वाडी कुणाची, तमुक आळी कुणाची? जशी काही ती माणसे नव्हेत, दावणीची जनावरे! ग्रामपंचायतीला तर पक्षाचे चिन्हही नसते, तरी पॅनेलवर शिक्का बसलेलाच असतो. आता, निष्ठा वाईट असे कोण म्हणेल? ज्या झेंड्याखाली बापाने लाठ्या खाल्ल्या, तो पोराने एकाएकी कसा टाकावा? पण उमेदवाराने तुमचे मत एकदा गृहीत धरले, की तो उत्तर देण्याचे सोडतो. आणि हे सर्वांत आधी दिसते ते वार्ताहराशी त्याच्या वागण्यात.

पटत नसेल तर मुंबईची गोष्ट ऐका. मुंबई आपल्याला परकी नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथल्या किती घरांची चूल परळ-लालबागच्या मनिऑर्डरीवर पेटली, हे जुन्या पोस्टमनला विचारावे.

देवही हरवू शकत नाही!

दक्षिण मुंबईत, म्हणजे गिरगाव चौपाटीच्या अंगाला, स. का. पाटील हे काँग्रेसचे मोठे प्रस्थ. तीन वेळा महापौर, पुढे केंद्रात मंत्री. अन्न व शेती खातेही त्यांनी सांभाळले, म्हणून आपल्याकडच्या जुन्या माणसांना ते नाव आठवेल. मुंबईचे बिनमुकुटाचे राजेच म्हणत त्यांना. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीच्या सभेत त्यांनी आणि मोरारजी देसाईंनी संयुक्त महाराष्ट्राची मागणी अशी काही उडवून लावली की लोकांनी सभाच उधळली. आचार्य अत्रे, जे १९५७ मध्ये दादरमधून आमदार झाले, त्यांनी आपल्या ‘मराठा’ दैनिकातून पाटलांना सोलून काढले. तरीही पाटील १९५७ ला निवडून आले, १९६२ लाही आले. पक्षाचा मतदार हलला नाही. मग माणसाला वाटणारच, की ही जागा आता आपली वतनदारी!

१९६७ साली त्यांच्यासमोर उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरहून आलेला, टॅक्सीवाले नि हॉटेल कामगार यांच्या युनियनचा पुढारी, हुद्दा काय तर नगरसेवक. पुढे जॉर्ज स्वतः हा किस्सा रंगवून सांगत. एका पत्रकाराने पाटलांना या नव्या उमेदवाराबद्दल छेडले, तर त्यांनी उलट विचारले, की हा जॉर्ज कोण? पत्रकाराने चिकाटी सोडली नाही. समजा कुणी हरवलेच तर, असे विचारल्यावर पाटील म्हणाले, की मला देवसुद्धा हरवू शकत नाही. झाले! जॉर्जच्या माणसांनी तेच वाक्य पोस्टरवर छापले आणि खाली मतदाराला सांगितले, की देव हरवू शकत नसेल, पण तुम्ही हरवू शकता. निकाल लागला तेव्हा जॉर्जना ४८ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि पाटील घरी बसले.

नुसत्या एका वाक्याने निवडणूक फिरली, असे कुणी समजू नये. त्या साली धान्याची टंचाई होती, महागाई होती, अनेक राज्यांत काँग्रेसला फटका बसला. पण पाटील आपल्याला काय समजतात, ते मतदाराला त्या एका वाक्यात कळले. पत्रकाराने तो प्रश्न काही स्वतःच्या घरासाठी विचारला नव्हता. तो मतदाराचाच प्रश्न होता, म्हणून उत्तरही मतदाराला लागले.

बालेकिल्ला कुणाचाच नसतो

बरे, जॉर्ज तरी कायमचे राहिले का? १९७१ मध्ये ती जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. तिकडे गिरणगावात बघा. १९५७ ला कामगारांनी कॉम्रेड डांगे यांना लोकसभेत पाठवले. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे १९८४ ला देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईने डॉ. दत्ता सामंत यांना निवडून दिले. चाळी त्याच, पण झेंडा बदलत गेला. पोटाचा प्रश्न आला की मतदार जागा होतो, हे खरे. पण तोवर थांबायचे कशाला?

आपल्या गावात काय बघावे?

आज पत्रकाराचे तोंड बंद करायचे दोन रस्ते आहेत. एक दमदाटीचा. त्यासाठी २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळाने कायदा मंजूर केला. पत्रकारावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड आहे. दुसरा रस्ता पाकिटाचा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा वाद देशभर गाजला. दोन्हीकडे नुकसान तुमचेच, कारण खरी बातमी तुमच्यापर्यंत येतच नाही.

म्हणून उमेदवार गावात आला की बारीक नजर ठेवा. नळयोजनेचे, पीकविम्याचे विचारल्यावर तो आकडे देतो, की ‘तू कुणाचा माणूस?’ असे विचारतो? चिडतो, की माहिती घेऊन कळवतो म्हणतो? विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावेच लागतात. ते मागा, वाचा.

सरपंच, सदस्य नि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही हेच लागू. ग्रामसभेत विरोधी पॅनेलच्या माणसाने प्रश्न विचारला, तर तोही प्रोसिडिंग बुकात लिहिला गेला पाहिजे. वार्ताहर आला तर त्याला दप्तर दाखवायला कचरू नये.

पक्ष धरा, नेता माना, त्याला कुणाची ना नाही. पण बैल बांधण्याआधी खुंटा हलवून बघणारी आपली जात. मत देण्याआधीही तो एकदा हलवून बघायला काय हरकत आहे?