टर्कीच्या ताटाला साजेशी वाइन

दिवाळीचे दिवे उतरले की अमेरिकेतल्या मराठी घरांना पुढच्या सणाचे वेध लागतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे थँक्सगिव्हिंग असते. जावयाचे किंवा सुनेचे अमेरिकन आईवडील, ऑफिसातले सहकारी, शेजारी असा गोतावळा एका टेबलाभोवती जमतो. ‘येताना काय आणू?’ असे विचारले की यजमान हमखास सांगतात, ‘वाइन आण.’ मग पाहुणा दुकानात जातो आणि भिंतभर बाटल्यांसमोर गोंधळून उभा राहतो. तिथे उपयोगी पडावी अशी एकच गोष्ट या लेखात सांगायची आहे: त्या दिवशीची वाइन टर्की पाहून निवडू नका, सगळे ताट पाहून निवडा.

हा सण ज्या मेजवानीशी जोडला जातो ती १६२१ सालची, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथची. इंग्लंडहून आलेले वसाहतवाले आणि वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद लोक तीन दिवस एकत्र जेवले. वसाहतवाल्यांपैकी एक असलेल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात पक्ष्यांच्या शिकारीचा आणि पाच हरणांचा उल्लेख आहे, टर्कीचे नाव मात्र नाही. पुढे अब्राहम लिंकनने १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभारदिन म्हणून पाळायला सांगितले. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. तोवर टर्की या सणाची मानकरी झाली होती.

ताटात काय असते?

मधोमध भाजलेली टर्की. तिच्या छातीचे मांस पांढरे, चरबी अगदी कमी. तंगडीचे मांस गडद, चरबीदार आणि चवीला दाट. पक्षी आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजला पाहिजे, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते. तंगड्यांना शिजायला जास्त वेळ लागतो, आणि त्या होईपर्यंत छातीचे मांस कोरडे पडू लागते. म्हणून त्यावर ग्रेव्ही हवीच. शेजारी पावाचे तुकडे, कांदा, सेलरी आणि सेज घालून केलेले स्टफिंग. लोणी घोटलेले बटाटे. मार्शमेलो लावून भाजलेली रताळी, जी आपल्याकडे गोड पदार्थांत जमा झाली असती. फरसबीचे कॅसरोल. आणि आंबटगोड, किंचित कडवट क्रॅनबेरी सॉस.

हे सगळे एकाच वेळी ताटात येते. एका घासाला मीठ आणि लोणी, दुसऱ्याला साखर, तिसऱ्याला आंबट. नुसती टर्की असती तर तिच्या सौम्य मांसाबरोबर बहुतेक कोणतीही वाइन निभावून गेली असती. बाटलीची खरी परीक्षा घेतात ते रताळे आणि क्रॅनबेरी.

जिभेवर काय घडते?

लाल वाइनचा तुरटपणा टॅनिनमधून येतो. टॅनिन द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असते, शिवाय ओकच्या पिंपातूनही उतरते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. चरबीदार, रसदार स्टेकबरोबर हाच तुरटपणा मवाळ होतो. टर्कीच्या छातीच्या घासावर तरुण कॅबरने सोविन्योंचा घोट घेऊन पाहा: आधीच कोरडा घास आणखी कोरडा वाटतो. त्याच घासावर चमचाभर ग्रेव्ही ओता आणि पुन्हा तीच वाइन प्या. मीठ आणि स्निग्धपणामुळे तिची धार उतरलेली जाणवेल.

साखरेचे काम उलटे. गोड घासानंतर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन अधिक आंबट, अधिक कडू लागते आणि तिच्यातला फळाचा स्वाद मागे पडतो. क्रॅनबेरीच्या आंबटापुढे कमी आंबट वाइन मिळमिळीत होते. जास्त अल्कोहोल तिखट पदार्थाची आग वाढवते, आणि चार तास चालणाऱ्या जेवणात डोकेही जड करते.

यातून निवडीचा नियम आपोआप हाती येतो: आंबटपणा भरपूर, टॅनिन कमी, फळाचा स्वाद मोकळा, अल्कोहोल बेताचे. मराठी ताटात डाव्या बाजूची लिंबाची फोड जे करते, तेच इथे वाइनने करायचे असते.

लाल वाइन: हलक्या हाताची

पहिले नाव फ्रान्समधल्या बोजोलेचे. गामे जातीच्या द्राक्षाची ही वाइन कमी तुरट आणि चेरी-रासबेरीच्या स्वादाची असते. या द्राक्षाला बर्गंडीच्या ड्यूकने, ‘धाडसी’ फिलिपने, १३९५ मध्ये आपल्या मुलखातून हद्दपार करण्याचे फर्मान काढले होते. दक्षिणेकडच्या बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ते रुजले. तिथली पद्धतही वेगळी. घोस न चुरडता अख्खे टाकीत भरतात. टाकी कार्बन डायऑक्साइडने भरलेली राहते आणि किण्वनाची सुरुवात मण्याच्या आतच होते. साल फारशी पिळली जात नसल्याने रंग आणि सुवास उतरतो, पण तुरटपणा बेताचा राहतो.

यातली कोवळी बोजोले नुव्हो दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकदम विक्रीला येते, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या बरोबर आठवडाभर आधी. त्यामुळे अमेरिकन दुकानांत तिचे ढीग लागतात. ती हसतखेळत पिण्यासारखी असते. पण थोडे अधिक पैसे घालायची तयारी असेल तर लेबलवर मोर्गों, फ्लरी, ब्रुयी अशा गावांची किंवा परिसरांची नावे शोधा. बोजोलेत अशी दहा मानाची क्षेत्रे आहेत. त्यांची वाइन तंगडीच्या दाट मांसालाही पुरून उरते.

दुसरी निवड पिनो न्वार. पातळ सालीचे हे द्राक्ष थंड हवेत खुलते. त्याच्या वाइनला लाल फळांचा स्वाद असतो आणि मुरल्यावर ओल्या मातीचा, अळंब्यांचा गंध येतो, जो सेजच्या स्टफिंगशी छान जुळतो. अमेरिकन सणाला अमेरिकन बाटली हवी असेल तर ऑरेगनच्या विलामेट खोऱ्याकडे वळा. १९६० च्या दशकाच्या मध्यावर डेव्हिड लेट नावाच्या तरुणाने तिथे पिनो न्वार लावले, तेव्हा तो भाग फार थंड आणि ओला समजला जाई. १९७९ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत त्याच्या १९७५ च्या पिनो न्वारने पहिल्या दहांत जागा मिळवली. पुढे बर्गंडीच्या द्रुएँ घराण्याने १९८७ मध्ये तिथेच जमीन घेतली. ऑरेगनला याहून मोठी पावती कुठली!

झिनफँडेलवर अमेरिकन लोकांचे विशेष प्रेम. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत घरच्यापुरती वाइन करायला वाव होता, म्हणून कॅलिफोर्नियातून ही द्राक्षे रेल्वेने पूर्वेकडे जात आणि जुन्या बागा त्यामुळे तगल्या. हे द्राक्ष मूळचे क्रोएशियाचे, असे २००१ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. जांभळासारखा भरदार स्वाद क्रॅनबेरीला आणि रताळ्यालाही तोंड देतो. मात्र अल्कोहोल अनेकदा साडेचौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. लेबल वाचून त्यातल्या त्यात हलकी बाटली घ्या.

पांढरी वाइन: रीस्लिंगला पर्याय नाही

एकच बाटली न्यायची असेल तर मी रीस्लिंग सुचवेन, आणि तीही किंचित गोड. जर्मनीच्या मोझेल नदीकाठची, ‘काबिनेट’ लिहिलेली बाटली पाहा. तिच्यात अल्कोहोल बहुधा आठ-नऊ टक्केच असते, थोडी साखर उरलेली असते आणि आंबटपणा इतका स्वच्छ असतो की ती गोडी कधी चिकट वाटत नाही. रताळे, क्रॅनबेरी, लोणी घातलेला बटाटा, सगळ्यांशी तिचे पटते.

अमेरिकेत याच द्राक्षाचे घर न्यूयॉर्क राज्यातले फिंगर लेक्स. युक्रेनमध्ये जन्मलेले डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक १९५१ मध्ये अमेरिकेत आले. तिथल्या कडाक्याच्या थंडीत युरोपीय द्राक्ष टिकणार नाही, असे सगळे सांगत होते. थंडीला टिकणाऱ्या खुंटावर कलम केले तर जमेल, हे त्यांनी करून दाखवले आणि १९६२ मध्ये क्यूका तलावाकाठी स्वतःची वाइनरी काढली. खोल तलावांची साठलेली ऊब वेलींना सांभाळते.

बऱ्याच मराठी घरांत टर्कीला आले-लसूण, दही आणि गरम मसाला चोळून ठेवतात. तिथे तर किंचित गोड रीस्लिंग किंवा गुलाबाच्या, लिचीच्या गंधाची अल्सासची गेवुर्ट्झट्रामिनर कामाला येते. ओकचा आणि लोण्याचा स्वाद असलेली जड शार्डोने मात्र लोणीदार ताटाला आणखी जड करते.

सुरुवात आणि शेवट

पाहुणे येत असताना फसफसणारी वाइन उघडावी. आंबटपणा आणि बुडबुडे जीभ धुऊन काढतात. लेबलवरचा ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी; ‘एक्स्ट्रा ड्राय’ नाव ऐकून फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. मुलांसाठी, न पिणाऱ्यांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी सफरचंदाचा फसफसणारा रस त्याच पेल्यांतून द्यावा.

भोपळ्याच्या पायबरोबरची वाइन त्या पायहून गोड हवी, नाहीतर ती आंबटढाण लागते. हंगेरीची तोकाय किंवा गोड मदेरा उत्तम. मदेरा ही अमेरिकन वसाहतींची आवडती वाइन. १७६८ मध्ये बोस्टन बंदरात ब्रिटिशांनी जॉन हँकॉकचे ‘लिबर्टी’ जहाज मदेरावरच्या जकातीच्या वादातून जप्त केले आणि शहरात दंगल उसळली. स्वातंत्र्ययुद्धाआधीच्या धुसफुशीत या वाइनचाही वाटा होता.

किती आणि कशी?

७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात. लांबणाऱ्या जेवणासाठी माणशी अर्धी बाटली धरा. आठजण असतील तर एक फसफसणारी, एक-दोन रीस्लिंग आणि दोन हलक्या लाल पुरतात. लाल आणि पांढरी दोन्ही एकदमच टेबलावर ठेवा, ज्याला जी रुचेल ती तो घेईल. हलकी लाल अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून गार करा. पांढरी वाढण्याआधी पंधरा मिनिटे बाहेर काढा. फार गार वाइनचा वासच येत नाही. खरेदी बुधवारपर्यंत उरका, कारण काही राज्यांत सणाच्या दिवशी दारूची दुकाने बंद असतात.

इथे, महाराष्ट्रात, टर्की सहज मिळत नाही. पण नाताळात कोंबडी भाजणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनाही हाच नियम लागू. नाशिकची शेनिन ब्लांक, आंबट आणि अनेकदा किंचित गोड, भाजलेल्या कोंबडीला रीस्लिंगसारखीच साथ देते.

महागडी, जपून ठेवलेली कॅबरने मात्र या दिवशी उघडू नका. इतक्या चवींच्या गर्दीत तिचे बारकावे हरवतात आणि पैसेही वाया जातात. ती एखाद्या शांत संध्याकाळी चार जाणकारांत उघडा. थँक्सगिव्हिंगला मध्यम किमतीच्या दोन-तीन चांगल्या बाटल्या न्या, आणि पेला भरताना ती कुठली, कोणी पिकवलेली, हे सोबतच्याला जरूर सांगा. ज्यांच्या कष्टाने ताट भरले त्यांची आठवण काढण्याचाच तो सण आहे. त्यात द्राक्षबागाईतदारही आलेच.