विमानाला वाट कशी सापडते?

आपण एस.टी.त बसतो. गाडी सुटली की मागे रेलतो. ब्रेक लागला की पुढे झुकतो. वळण आले की एका अंगाला कलतो. डोळे मिटले तरी हे कळतंच ना? विमानातले एक यंत्र याच रीतीने वाट ओळखते.

आभाळात ना रस्ता, ना मैलाचा दगड. रात्री समुद्रावर तर खाली नुसता अंधार. पण या यंत्राला बाहेर पाहावेच लागत नाही.

यात दोन तऱ्हेची साधने असतात. एक हिसका मोजते. त्यावरून वेग किती वाढला, किती घटला ते समजते. दुसरे वळण मोजते. जोरात फिरणारा भोवरा ताठ उभा राहतो, सहज कलत नाही. जुन्या यंत्रांत असेच भोवरे असत. आता पुष्कळ विमानांत हे काम प्रकाशाच्या किरणांकडून करून घेतात. मग संगणक हिशेब करतो. कोणत्या दिशेला, किती वेगाने, किती वेळ गेलो? म्हणजे आता कुठे आहोत?

पण हिशेब सुरू कुठून करायचा? निघाल्या जागेपासून. म्हणून विमान उभे असतानाच यंत्राला ती जागा सांगतात. वहीत मागची बाकी चुकली, की पुढची सगळी बेरीज चुकते. तसंच हे. शिवाय बारीक चुका साचत जातात. तासाभरात एक-दोन किलोमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून आता उपग्रहांकडून येणाऱ्या खुणांशी हिशेब ताडून पाहतात.

१९८३ साली दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान अमेरिकेतील अलास्काहून सोल शहराकडे निघाले. त्यात अशी तीन यंत्रे होती. पण विमान त्यांच्या हिशेबाने चाललेच नाही. ते आपले एकाच दिशेला धरून उडत राहिले. वैमानिकांच्या हे ध्यानात आले नाही, असे पुढे चौकशीत निघाले. विमान शेकडो किलोमीटर भरकटले आणि सोव्हिएत रशियाच्या हद्दीत शिरले. १ सप्टेंबरला तिथल्या लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली.

आम्ही ही गोष्ट सांगतो ती यासाठी. यंत्र कितीही हुशार असो, हिशेब त्याच्या हाती दिला की नाही, आणि तो बरोबर चालला की नाही, हे माणसानेच पाहायचे असते.