वडापावाची वंशावळ

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. उमरीत, नांदेडला किंवा लातूरला बसस्थानकाबाहेर वडापावचा गाडा दिसतो. तुमच्या घरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी भाजली जाते. मग गाड्यावरचा तो गुबगुबीत पाव ज्वारीच्या पिठाचा का नसतो? आपल्याच मातीत पिकणाऱ्या धान्याचा पाव आपण का करत नाही?

याचे उत्तर पिठाच्या कणाकणांत दडलेले आहे. पण तिथे पोहोचण्यापूर्वी वडापावाच्या घराण्याची थोडी ओळख करून घेऊ. हे घराणे साता समुद्रांपलीकडे पसरलेले आहे.

हॅम्बर्गची ‘पुरी’

वडापावाला पुष्कळ लोक ‘बॉम्बे बर्गर’ म्हणतात. म्हणून आधी बर्गरची गोष्ट. हॅम्बर्ग हे जर्मनीतील मोठे बंदर. आपण जसे कोल्हापूरचे ते कोल्हापुरी म्हणतो, तसे हॅम्बर्गचे ते ‘हॅम्बर्गर’. एकोणिसाव्या शतकात या बंदरातून असंख्य लोक अमेरिकेला गेले. बारीक केलेल्या गोमांसाच्या भाजलेल्या चकतीला तिथे हॅम्बर्गचे नाव मिळाले. पुढे ही चकती पावात घालून कोणी प्रथम विकली, यावर अमेरिकेतील अनेक गावे आजही हक्क सांगतात.

इंग्रजीत ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस. नावातला ‘हॅम’ म्हणजे तेच, असे समजून लोकांनी शब्दाचे दोन तुकडे केले आणि उरला ‘बर्गर’. कोल्हापुरीतला ‘कोल्हा’ काढून टाकावा आणि उरलेल्या ‘पुरी’ला खाद्यपदार्थाचे नाव समजावे, तसाच हा प्रकार! आता चीजचा बर्गर असतो, बटाट्याचाही असतो. हॅम्बर्ग शहराची आठवण कोणालाच राहिलेली नाही.

१९२१ मध्ये अमेरिकेतील विचिटा शहरात ‘व्हाइट कॅसल’ हे दुकान निघाले आणि पाच सेंटला बर्गर मिळू लागला. कारखान्यातील कामगाराला परवडणारे, उभ्या उभ्या, एका हाताने खाता येणारे जेवण! बघता बघता तो लोकांच्या गप्पांत, चित्रांत आणि गाण्यांतही शिरला. पॉपाय या चित्रकथेत विम्पी नावाचे एक खादाड पात्र आहे. ते सतत बर्गर खाते आणि पैसे द्यायचे मात्र पुढे ढकलते. पुढे याच पात्राच्या नावाने उपाहारगृहांची साखळीही निघाली. १९६२ मध्ये क्लेस ओल्डेनबर्ग या शिल्पकाराने माणसाहून मोठा कापडी बर्गर शिवला. १९७८ मध्ये जिमी बफे या अमेरिकी गायकाने चीजबर्गरवर गाणे केले, तेही खूप गाजले. एखादा पदार्थ लाखो लोकांच्या रोजच्या जगण्यात मिसळला, की तो कलेतही उतरतो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत दळण आणि भाकरी येतात, त्या उगीच का?

पाव खाण्याचे धाडस

आता आपल्या घरी येऊ. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले आहेत. बटाटा आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारताच्या किनाऱ्यावर उतरली. ठेचा मिरचीचा, पण मिरची परदेशी, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. वड्यावरचे बेसन मात्र हरभऱ्याचे, आणि हरभरा आपल्याकडे हजारो वर्षांपासून पिकतो.

आज पाव आपण सहज खातो. पण एके काळी पाव खाल्ला म्हणून माणसाला जातीबाहेर टाकत असत. १८४९ मध्ये मुंबईत ‘परमहंस सभा’ स्थापन झाली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय होते. या सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभासद ही गोष्ट गुप्त ठेवत, इतकी त्या काळी समाजाची भीती होती. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनच्या इमारतीत चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल टिळक आणि रानडे यांच्यासारख्या मोठ्या माणसांवरही बहिष्काराचे संकट आले होते. आज गाड्याभोवती उभे राहून सगळे जण एकाच लादीतले पाव खातात. त्यामागे केवढा इतिहास आहे, हे लक्षात ठेवा.

गिरणगावचे जेवण

बटाटावडा जुना आहे, पावही जुना आहे. दोघांची जोडी मात्र अलीकडची. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असे सर्रास सांगितले जाते. त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे यांनीही दादरलाच तो सुरू केला, असेही म्हणतात. बर्गरसारखाच इथेही मानाचा वाद आहेच! मुंबईच्या कापड गिरण्यांत पाळ्यांनी काम चाले. धावतपळत गाडी पकडणाऱ्या कामगाराला ताट-वाटीची सवड कुठली? त्याला हवे होते स्वस्त, गरम आणि हातात मावणारे अन्न.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. बेकार झालेल्या अनेक कुटुंबांनी तेव्हा वडापावचे गाडे टाकले. एक कढई, एक स्टो आणि पावाच्या लाद्या एवढ्या भांडवलावर घरे तगली. १९९६ मध्ये ‘मॅकडोनाल्ड्स’ भारतात आले. गोमांसाचा बर्गर इथे चालणार नाही हे ओळखून त्यांनीही पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर काढला. म्हणजे परदेशी पाहुण्याला अखेर वडापावाच्याच वाटेने यावे लागले.

पिठाचा प्रयोग

आता आपला पहिला प्रश्न. त्याचे उत्तर तुम्हीच शोधा. गव्हाच्या पिठाचा आणि ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा एकेक गोळा मळा. अर्धा तास झाकून ठेवा. मग प्रत्येक गोळा वाडगाभर पाण्यात बोटांनी हलके हलके चोळत धुवा. काय दिसते? गव्हाच्या गोळ्यातून दुधासारखे पाणी निघते आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. ज्वारीचा गोळा मात्र पाण्यात विरघळल्यासारखा विस्कटून जातो. हातात काहीच उरत नाही.

दुधाळ पाण्यात शिक्षकांच्या मदतीने आयोडीनचा एक थेंब टाका. ते काळेनिळे होईल. म्हणजे त्यात पिष्टमय पदार्थ आहे. आणि हातातला चिवट लगदा म्हणजे ग्लुटेन. गव्हातील दोन प्रकारची प्रथिने पाण्याच्या साहाय्याने एकमेकांत गुंतून हे जाळे बनवतात. पावाच्या पिठात यीस्ट ही सूक्ष्म बुरशी घालतात. ती पिठातील साखरेवर जगते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. ग्लुटेनचे जाळे ताणले जाते, पण फाटत नाही. त्यात वायूचे असंख्य फुगे अडकतात आणि पाव फुगतो. पावाचा तुकडा तोडून पाहा, त्या फुग्यांच्या जागा भोकांच्या रूपाने दिसतील.

ज्वारीतील प्रथिने असे जाळे विणत नाहीत. वायू तयार झाला तरी तो निसटून जातो. मग भाकरी कशी थापता येते? आजी पिठात गरम पाणी का घालते, ते आठवा. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. त्या चिकटपणावर भाकरी एकसंध राहते. तव्यावर तिचा वरचा पापुद्रा घट्ट होतो, आतल्या पाण्याची वाफ त्याला उचलते आणि भाकरी टम्म फुगते. तुमच्या आजीने पिष्टाचे रसायनशास्त्र पुस्तकात वाचले नसेल, पण तिच्या हाताला ते पक्के ठाऊक आहे.

कढईतील विज्ञान

वडा तळताना तेल सुमारे १८० अंशांवर असते. तरी आतला बटाटा करपत नाही. का? बटाट्यात पाणी भरपूर असते आणि पाणी आहे तोवर आतले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. वड्याभोवती उठणारे बुडबुडे त्या पाण्याच्या वाफेचे असतात. बाहेरचे बेसन मात्र कोरडे होऊन जास्त तापते. त्यातील प्रथिने आणि शर्करा यांची अभिक्रिया होऊन सोनेरी रंग आणि खमंग वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ माय्यार याने १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले.

पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे विघटन होते आणि अपायकारक संयुगे वाढत जातात. तेल काळपट, दाट झाले आणि लवकर धुरू लागले, तर तिथला वडा खाऊ नका. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला वडाही नको. शाईतील घातक द्रव्ये गरम तेलाबरोबर अन्नात उतरतात. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही याविरुद्ध इशारा दिला आहे. आणखी एक गोष्ट. बटाटा आणि मैदा दोन्ही मुख्यतः पिष्टमय. म्हणून वडापाव मधूनमधून खाण्याचा पदार्थ आहे. तंतुमय पदार्थ देणारी भाकरी आणि प्रथिने देणारे वरण यांची जागा त्याला घेता येणार नाही.

तुमच्यासाठी काम

१९८६ पासून ‘इकॉनॉमिस्ट’ हे लंडनचे साप्ताहिक निरनिराळ्या देशांतील एकाच बर्गरच्या किमतीवरून तेथील चलनांची तुलना करते. तुम्हीही असा तक्ता करा. आई-वडिलांना आणि गाडेवाल्या काकांना विचारा, कोणत्या वर्षी वडापाव केवढ्याला होता? त्याच वर्षी ज्वारी काय भावाने होती? एका वडापावाच्या पैशांत किती ज्वारी येत असे, याचा आलेख काढा. महागाई म्हणजे काय, हे त्यातून उमगेल.

मराठवाड्यात सोयाबीनने ज्वारीची पुष्कळ जागा घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ते अशाच धान्यांना पुन्हा मान मिळावा म्हणून. इसबगोलाच्या भुशीसारखे चिकट पदार्थ मिसळून ग्लुटेनशिवाय पाव फुगवता येतो, हे आता ठाऊक झाले आहे. पण गाड्यावर परवडेल असा स्वस्त, मऊ ज्वारीचा पाव अजून घरोघर पोहोचलेला नाही. तो झाला, तर इथल्या शेतकऱ्याच्या ज्वारीला नवे गिऱ्हाईक मिळेल. धुतलेल्या गोळ्यातून तुमच्या हाती काय उरले, ते वहीत नीट टिपून ठेवा. या शोधाची पहिली पायरी तीच आहे.