हवाई बेटांचा ठेका आणि वरातीचे पाऊल

मराठी संगीतकारांनी गेल्या पाऊणशे वर्षांत जी नाचगाणी रचली त्यांचा आढावा घ्यावा, अशी संपादकांची फर्माईश आली, तेव्हा ती बिनशर्त कबूल करणे मला शक्य नव्हते, कारण सी. रामचंद्रांविषयी लिहिताना 'अनारकली'ला पाच पाने आणि 'अलबेला'ला पाच ओळी, असा जो दस्तूर आपल्या संगीतसमीक्षेत पडून गेला आहे, तो मोडण्याची मुभा मिळत असेल तरच लेखणी उचलायची, हे मी फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. मुभा मिळाली, तेव्हा आता तक्रार करण्याचा अधिकार संपादकांस उरलेला नाही.

'शहनाई'तले रविवारचे गाणे 1947 चे आणि 'पतंगा'तले रंगूनच्या टेलिफोनचे 1949 चे. दोन्ही अण्णांचीच, म्हणजे सी. रामचंद्रांचीच, दोन्ही वाचकांना तोंडपाठ, म्हणून त्यांना नमस्कार करून मी पुढे जातो. खरी हकिगत 1951 साली 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके' या गाण्याने सुरू होते. ज्या वर्षी अमेरिकेत जीन केली 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'मध्ये नृत्याचा सगळा दिमाख उधळीत होता, त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा शौकीन, ठेंगणा आणि अंगाने दोहेरी असा भगवान आबाजी पालव नावाचा गृहस्थ, तोवर कामगारवस्तीसाठी स्वस्तातले मारधाडीचे चित्रपट काढीत आलेला, राज कपूरच्या सांगण्यावरून सामाजिक चित्रपट काढतो, त्यात गीता बालीसमोर स्वतःच नायक म्हणून उभा राहतो आणि गवताच्या झग्यातल्या नर्तिकांच्या मेळाव्यात हवाई बेटांचा देखावा उभा करतो, हे धाडस आज कोणी कागदावर मांडले तर त्याला भांडवल मिळणार नाही.

हा देखावा हॉलिवुडचा, यात वाद नाही. बिंग क्रॉस्बीचा 'वायकिकी वेडिंग' 1937 चा. डोरोथी लामूर त्या काळी दक्षिण समुद्राच्या बेटांवरची सुंदरी म्हणून जगभर गाजत होती. आमच्या काही विद्वानांना एवढे कळले की त्यांचा निकाल तयार असतो: नक्कल! पण याच भगवानदादांनी याच अण्णांचे संगीत घेऊन 1941 साली 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट काढला होता आणि त्याची नायिका लामूरच्याच धाटणीच्या वेषात वावरली होती, ही गोष्ट या विद्वानांच्या गावी नसते. म्हणजे उसनवारी पहिल्यापासूनच होती, ती त्यांनी कधी लपवली नाही, आणि दहा वर्षे बाळगलेली ती वस्तू 'अलबेला'त अशी मुरली की मूळ मालकालाही ओळखू येऊ नये. अण्णांच्या ताफ्यात चिक चॉकलेट होता. हळदोण्याचा हा गोमंतकीय ट्रंपेटवादक ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवी आणि अण्णांना वाद्यमेळाच्या रचनेत साहाय्य करी. ठेका परका, वाद्ये परकी. पण त्यांवर लताबाईंचा आणि स्वतः अण्णांचा, म्हणजे 'चितळकर' या नावाने गाणाऱ्या गायकाचा, जो स्वर चढतो तो इतका घरगुती की पुणतांब्याच्या माणसाने आपल्याच ओसरीवर तो धरावा.

आणि ते पाऊल! ते एकदा नीट निरखून पाहावे. कोपरे कमरेशी, हातांचे पंजे छातीसमोर सैल, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर, खांदा किंचित उडतो, मुद्रेवर समाधान, आणि पाय जागा जवळजवळ सोडीतच नाहीत. हॉलिवुडच्या फ्रेड ॲस्टेअरचा नाच आपण थक्क होऊन पाहतो आणि खुर्चीतच बसून राहतो. भगवानदादांचा नाच पाहताना माणूस उठतो, कारण हे आपल्यालाही जमेल, असा दिलासा त्यात आहे. माझ्या मते नाचगाण्याची कसोटी एवढीच: त्यावर न शिकलेल्या, न सडसडीत माणसाला नाचता येते का?

मराठवाड्याने ही कसोटी लावली. हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनला जेमतेम तीन वर्षे झाली होती. नांदेड हैदराबाद राज्यात होते, लातूर हे तर उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, आणि चित्रपटांच्या पेट्या बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने तेथे येत. नांदेडच्या कचेरीत अव्वल कारकून असलेल्या माझ्या वडिलांना सिनेमा वर्ज्य होता, म्हणून मी 'अलबेला' पाहिला तो पुढे काही वर्षांनी, माळेगावच्या जत्रेत, तंबूत, खाली पाल अंथरून. पण गाणे त्याआधीच येऊन पोहोचले होते. बँडवाल्यांनी लाखेची तबकडी पुन्हापुन्हा लावून ते क्लॅरिनेटवर बसवले होते, आणि लातूरच्या गंजगोलाईत माझे मामा, धान्याचे आडते, ज्यांना हसताना पाहिल्याचे कोणास स्मरत नव्हते, ते पुतण्याच्या वरातीत धोतराचा सोगा एका हाती धरून, दुसरा पंजा छातीशी नेऊन, अगदी तेच पाऊल टाकताना मी स्वतः पाहिले. मामांनी तो चित्रपट पाहिलेलाच नव्हता. पाऊल चित्रपटगृहाच्या परवान्यावाचून फिरत होते. पुढे ते गणपतीच्या विसर्जनात शिरले आणि अमिताभ बच्चनसारख्याच्याही अंगी आले.

नभोवाणीमंत्री केसकर, तेही मराठीच, यांनी 1952 नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. आम्ही रेडिओ सिलोन लावले. 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने ती चूक निस्तरली. त्यानंतरच्या कित्येक वर्षांतल्या मराठी नाचगाण्यांविषयी मौनच बरे. 'नटरंग'ची लावणी थोर, पण ती दुसऱ्या घराण्याची. लातूरच्या रितेश देशमुखांनी 'लय भारी' आणि 'वेड' काढले, गाणी गाजली, आनंद आहे.

2016 साली मात्र दोन गोष्टी घडल्या. भगवानदादांच्या जीवनावर 'एक अलबेला' आला, मंगेश देसाई नायक आणि विद्या बालन गीता बालीच्या रूपात; आणि 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवुडमध्ये जाऊन सिंफनी ध्वनिमुद्रित केली. त्याच 'सैराट'चे 'झिंगाट' माझ्या कसोटीला पूर्ण उतरते, कारण त्यावर आडतेही नाचतात. हे वाक्य लिहिल्याबद्दल माझ्या पिढीतले स्नेही माझ्याशी बोलणे सोडतील, तर सोडोत.

माझी तक्रार गाण्याविषयी नाही, ते ज्या यंत्रातून ऐकवले जाते त्याविषयी आहे. आज नांदेड काय नि लातूर काय, वरातीपुढे भिंतीएवढे कर्णे लावलेली गाडी चालते, छातीत धडका बसतात, स्वर कोणता आणि शब्द कोणते हे उमगत नाही, आणि साठी ओलांडलेला माणूस कानात कापूस घालून मांडवाच्या मागच्या दाराने निघून जातो. ज्या वरातीत मामांना जागा होती तीत आज मला नाही. क्लॅरिनेट वाजवणारी मंडळी अजून आहेत. दोन्ही गावांत अजून मिळतात, कामाच्या शोधात असतात. तेव्हा येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरात कार्य निघाले असेल त्यांना विनंती एवढीच, की बँड ठरवताना म्होरक्याला आधी 'शोला' वाजवून दाखवायला सांगावे, आणि ते त्याला येत नसेल तर बयाना देऊ नये.