शंभरांतली एक गाय

चित्रकलेच्या शाळेचं तोंड न पाहिलेल्यांची भाबडी निसर्गचित्रं हे माझं वेड! क्रोएशियातल्या ह्लेबिने गावचा शेतकरी इवान गेनेरालिच (१९१४–१९९२) काचेच्या पाठीवर रंगवी. आधी पुढची गाय, शेवटी मागचं आभाळ. सगळा उलटा कारभार! मूळ चित्र आम्हांला कुठून परवडणार? म्हणून मी मोजक्या प्रतींची छापचित्रं जमवतो. एकापायी दिवाळीचा बोनस गेला, तेव्हा सौ. म्हणाली, "एवढ्यात खरी गाय आली असती!"

खाली शिसपेन्सिलीनं ४५/१०० असलं, की ती शंभरांतली पंचेचाळिसावी प्रत. पण नुसत्या आकड्याला भुलू नका. रंगागणिक वेगळी जाळी लावून हातानं छापलेलं चित्र निराळं, आणि फोटोवरून यंत्रानं काढून आकडा घातलेलं निराळं. भिंग लावून पाहा. बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर पाकीट खिशातच राहू द्या.