पतंग नारंगी, चेहरे राखाडी

स्नेहसंमेलनात मुलांनी नाच करावा आणि पालकांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढ्यावर आता कुणाचे भागत नाही. नाचाचे चित्रीकरण हवे, त्याला गाणे जोडलेले हवे आणि ते घरोघरच्या फोनवर पोचायला हवे. आमच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात या हौसेला चांगला आधारही आहे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा आपणही करून पाहू, असे म्हणत पारनेर तालुक्यातल्या एका शाळेतले आम्ही चार शिक्षक आणि सातवी-आठवीची वीस मुले एका जानेवारीत कामाला लागलो.

गाणे संक्रांतीवरचे होते, मुलांनीच रचलेले. नाटकवाले ज्याला 'प्रॉपर्टी' म्हणतात तीही मुलांनी घरीच केली: घोटीव कागदाचे मोठे नारंगी पतंग, पिवळ्या क्रेप कागदाच्या माळा, केशरी ओढण्या. शाळेची चुना दिलेली पांढरी भिंत, सकाळी अकराचे ऊन आणि त्यापुढे हा सगळा केशरी दंगा. मैदानात उभे राहून पाहताना दृश्य फार सुरेख दिसत होते.

संध्याकाळी चित्रीकरण लावले आणि सगळे गप्प झाले. पतंग विटल्यासारखे, भिंत निळसर करडी आणि मुलांचे सावळे चेहरे राखाडी, काळवंडलेले. नाकडोळेसुद्धा नीट कळेनात. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, मी यात आहे का?" आमच्यातल्या एकाने तोडगा सुचवला, "उद्या सगळ्यांनी पावडर लावून या." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. चौघांत दोघे विज्ञान शिकवणारे होते, हेही सांगून टाकलेले बरे.

दोष चेहऱ्यांचा होता की कॅमेऱ्याचा? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

जगातल्या पहिल्या रंगीत छायाचित्राचा विषय हीसुद्धा एक रंगीबेरंगी 'प्रॉपर्टी'च होती: चौकटीच्या कापडाची एक फीत. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तिची तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक टाकून दाखवली. थॉमस सटन यांनी ती तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांमधून काढली होती. तीन रंगांच्या उजेडातून फितीचे रंग पुन्हा उभे राहिले. गंमत अशी, की त्या काळच्या काचपट्टीवरच्या रसायनाला तांबडा प्रकाश जवळजवळ 'दिसत'च नव्हता. मग तांबडा रंग उमटला कसा? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅक कंपनीतल्या संशोधकांनी खुलासा केला. फितीच्या तांबड्या भागातून अतिनील किरणही परावर्तित होत होते, ते तांबड्या गाळणीतून निसटले आणि त्यांनीच काचपट्टीवर काम केले. कॅमेऱ्याने तांबडा पाहिलाच नव्हता. दुसऱ्याच किरणांनी त्याचे सोंग घेतले होते.

आजच्या फोनमध्येही गाळण्या तीनच असतात. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश मोजणाऱ्या लाखो सूक्ष्म घरांची जाळी असते. ब्राइस बेयर यांच्या रचनेनुसार (त्यांचे पेटंट १९७६ चे) निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी आणि पाव घरांवर निळी गाळणी असते. या घरांतून मिळतात फक्त आकडे. एखादा आकडा मोठा आला, तर वस्तू तांबडी आहे की तिच्यावर पडलेला उजेड तांबूस आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आपण मात्र हा घोळ सहज निस्तरतो. पिवळ्या बल्बखाली वही पाहिली तरी ती पांढरीच वाटते, कारण डोळा आणि मेंदू उजेडाचा रंग वजा करून टाकतात. कॅमेऱ्याला ही वजाबाकी अंदाजाने करावी लागते. त्याचा सर्वांत जुना अंदाज असा: दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती साधारण करडी येते, तशी आली नाही, तर तो दोष उजेडाचा समजावा. अलीकडचे फोन याहून हुशार आहेत, पण तेही फसतात. आमच्या चौकटीत नारंगी रंगच भरून राहिला होता आणि तो नेमका पिवळ्या बल्बच्या उजेडाच्या कुळातला. कॅमेऱ्याची समजूत झाली, की खोलीत बल्ब लागला आहे. त्याने प्रामाणिकपणे नारंगीपणा वजा केला. पतंग विटले, भिंत निळसर झाली आणि कातडीची ऊब गेली.

काळवंडण्याचे कारण याचेच भावंड आहे. किती उजेड आत घ्यायचा हेही कॅमेरा सरासरीवरून ठरवतो. पांढऱ्याशुभ्र भिंतीने सरासरी वर नेली, म्हणून त्याने उजेड कमी घेतला. भिंत करडी झाली आणि चेहरे अंधारात गेले.

पावडरीचा सल्ला आम्हीच काही पहिल्यांदा दिला नव्हता. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना छायाचित्र पाठवत असे. त्यावर गोरी स्त्री असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा ठीक दिसली की रंग ठीक, असा हिशेब. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे काय व्हायचे ते होवो. लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा फिल्म सुधारण्याला जोर आला, असे कोडॅकच्याच एका माजी अधिकाऱ्याने सांगितले आहे. माणसांआधी टेबलखुर्च्यांची दाद लागली म्हणायची.

वर्गात हे पाहणे सोपे आहे. खिडकीजवळ एका विद्यार्थ्याला उभे करून फोटो काढा. मग त्याच जागी मागे आणि बाजूंना नारंगी कागद धरून, चौकट भरेल असा दुसरा काढा. कागदांऐवजी हिरवा पडदा लावून तिसरा. तिन्ही फोटोंतले गाल शेजारी ठेवून पाहायला सांगा. नारंगीत गाल निळसर-राखाडी होतात का, हिरव्यात गुलाबी-जांभळे होतात का, हे मुलांना आधी भाकीत करू द्या. एखादा फोन फसला नाही, तर का फसला नाही यावरही बोलता येते. मागे पांढरा आणि मग काळा कागद धरून उजेडाची फसगतही अशीच दाखवता येईल.

उपाय म्हणजे कॅमेऱ्याला अंदाज करू न देणे. बऱ्याच फोनमध्ये हाताने मांडणी करायची सोय असते. तिथे सूर्याचे चिन्ह निवडले की रंगाची वजाबाकी उन्हाच्या हिशेबाने पक्की होते. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले, की बहुतेक फोनमध्ये उजेडाचे मोजमाप तिथेच थांबते. मग मागे पतंग येवोत की भिंत.

आठवडाभराने आम्ही चित्रीकरण पुन्हा केले. पतंग तेच होते, दोन फाटले होते ते चिकटवले. भिंत सोडून शाळेमागच्या ज्वारीच्या कडेला गेलो आणि सुरुवातीला त्याच मुलीच्या चेहऱ्यावर बोट धरून उजेड ठरवला. भिंतीइतके पांढरे आता आकाशच होते आणि ते पार उडून गेले, ढगाचा पत्ता नाही. मुले म्हणाली, राहू द्या. पावडर कुणी आणली नव्हती.