कुणाकडचं आलं?

आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. दिवसअखेर दहा रुपये जुळले नाहीत तर घरी न जाणारे. त्यांचा मुलगा चौदाव्या वर्षी एकटाच बोलू लागला. पंख्यातून कुणीतरी आपलं नाव घेतं, वर्गातली मुलं आपल्याविरुद्ध कट करताहेत, असं सांगू लागला. दृष्ट काढून झाली, गाणगापूर झालं, मग मानसोपचारतज्ज्ञ. औषधांनी आवाज कमी झाले. पण घरात एकच प्रश्न घुमत राहिला : हे आलं कुणाकडून? आजींनी निकाल देऊन टाकला, सुनेच्या माहेरचं! सुनेचे एक मामा तरुणपणी घर सोडून गेले होते. एवढा पुरावा पुरला.

आजींनाच का बोल लावा? 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं होतं आणि शिकलेल्या जगाने ते पुढे कित्येक वर्षं खरं मानलं.

या मुलाची टाळू जन्मतः फाटलेली होती, हृदयाला छिद्र होतं. दोन्ही शस्त्रक्रिया लहानपणीच झाल्या. बोलणं मात्र नाकातून राहिलं. तीन तक्रारी, तीन डॉक्टर, तीन फायली. पंधरा वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गायब निघाला.

छोटा म्हणजे बहुधा तीस लाख अक्षरांचा, चाळीसेक जनुकं असलेला. साधारण चार हजार जन्मांमागे एका बाळात असं आढळतं. एरवी स्किझोफ्रेनिया शंभरात एखाद्याला होतो. या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला मोठं होईपर्यंत असा आजार गाठतो. गुणसूत्राच्या त्या भागात एकसारखे मजकूर पुन्हा पुन्हा येतात. खतावणी उतरवताना नजर एका ओळीवरून खालच्या तशाच ओळीवर घसरावी आणि मधल्या नोंदी गळाव्यात, तसं बीजपेशी तयार होताना घडतं. दहांपैकी नऊ मुलांत आईवडील दोघांचाही तुकडा शाबूत असतो. म्हणजे आजार जनुकीय, पण वारशाने आलेला नाही! हा फरक मला साठी उलटल्यावर समजला.

अर्थात प्रत्येक मुलाचं असं नसतं. तेराव्या वर्षाआधी स्किझोफ्रेनिया होणं फारच दुर्मिळ. अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटाने 1990 पासून अशी मुलं तपासली, तेव्हा दहांत एकाच्या आसपास गुणसूत्रांतले मोठे बिघाड सापडले. इतरांत शेकडो बारीक फरकांची बेरीज असते. 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात अशा 287 जागा नोंदल्या गेल्या. तरी जनुकं म्हणजे जन्मठेप नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच. आई किंवा वडील आजारी असले तरी शंभरातली नव्वदेक मुलं त्यातून सुटतात. लग्न जुळवताना ‘घराण्यात काही आहे का?’ असं हळूच विचारणाऱ्यांना हे कोण सांगणार?

मग तपासणी कुणाची? सरसकट सगळ्यांची नको. पण भास-संशयाच्या जोडीला फाटलेली टाळू, हृदयदोष, फिट्स किंवा शिकण्यातला मंदपणा असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारावं. त्या मुलाचं कॅल्शियमही कमी निघालं. ते या दोषात घटतं आणि त्याने फिट्स येऊ शकतात. ते गोळ्यांनी सावरलं.

आईवडिलांचंही रक्त तपासलं. दोघांचंही निर्दोष. हेडकॅशियरसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि बायकोपुढे सरकवला. आजी तोवर वारल्या होत्या. त्या बाईंनी विचारलं, ‘‘याची एक झेरॉक्स काढून द्याल? माझ्या भावाला पाठवायची आहे.’’